अंगणातली तुती

आजीने बाजाराच्या यादीत "तुती" असे लिहिले होते. नातू शूकमध्ये गेला आणि स्ट्रॉबेरीचा डबा घेऊन आला. आजी म्हणाली, "अरे, ही कसली तुती?" नातू म्हणाला, "तूतच आहे की, आजी! दुकानावर तसेच लिहिले होते."

दोघांचेही बरोबर होते. हिब्रूत "तूत" म्हणजे मुळात तुतीच. स्ट्रॉबेरी या देशात पुढे आली, तेव्हा तिला "तूत सादे", म्हणजे शेतातली तुती, असे नाव मिळाले. मग स्ट्रॉबेरी इतकी खपू लागली की लोकांनी "सादे" गाळून नुसते "तूत" म्हणायला सुरुवात केली. आता खऱ्या तुतीलाच "तूत एत्स", झाडावरची तुती, असे लांब नाव सांगावे लागते. पाहुण्याने घर बळकावले, तशी गंमत.

मराठीतला "तुती" हा शब्द याच घराण्यातला आहे. अरबीत तूत, फारसीत तूत, हिब्रूत तूत. फारसीच्या वाटेने तो हिंदुस्थानात पोहोचला, उत्तरेकडे "शहतूत" झाला आणि मराठीत "तुती". आपल्या वर्गात मराठी शिकणाऱ्या मुलांना हा शब्द पाठ करावा लागत नाही, कारण तो त्यांना आधीच येतो. फक्त शेवटची दीर्घ ई तेवढी जोडायची.

कोकणातल्या वडीलधाऱ्यांना मात्र तुतीची फारशी आठवण नसते. अलिबाग, पेण, रोहा या बाजूच्या गावांत रानमेवा म्हटला की करवंदे, जांभळे, बोरे. तुतीचे फळ महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर स्ट्रॉबेरीच्या शेजारी द्रोणात विकायला असते. जालना, बीडकडे तुतीची शेते आहेत, पण ती पानांसाठी, रेशमाच्या किड्यांना घालायला. तिथल्या शेतकऱ्याला "तुती लावली" असे म्हटले, तर तो कोश किती निघाले ते विचारील, फळाचे विचारणार नाही. म्हणजे फळासाठी अंगणात तुती लावणे ही आपल्या लोकांची सवय बहुतेक इथे आल्यावरचीच. जांभूळ खाऊन जीभ जांभळी करण्याची हौस होती, ती इथे तुतीवर भागली.

या धड्यातली आजी दिमोनात राहते. तिच्या इमारतीच्या मागे एक जुनी तुती होती. कोणी लावली ते कोणाला ठाऊक नव्हते. फळ काळे, लांबट आणि साखरेसारखे गोड. पेसाह संपला की खालची फरशी जांभळी व्हायची, गाड्यांवर डाग पडायचे, चपलांबरोबर ते जिन्यापर्यंत जायचे. दरवर्षी वाअद बायितच्या बैठकीत झाडाची तक्रार असायची आणि दरवर्षी ती कशीबशी मिटायची. मग एका हिवाळ्यात सांडपाण्याची नळी तुंबली. खणून पाहिले तर आत तुतीच्या मुळांचा झुपका.

फळझाड तोडण्याविषयी तोरात स्पष्ट आज्ञा आहे. देवारीम २०:१९ मध्ये शहराला वेढा घातला तरी फळझाडावर कुऱ्हाड चालवू नये असे सांगितले आहे. त्यावरूनच "बाल तश्खित", नासाडी करू नये, हा नियम निघाला. इस्राएलचा कायदाही मोठे झाड परवान्याशिवाय तोडू देत नाही. म्हणून समितीने रब्बींना विचारले, परवान्यासाठी अर्ज केला, अधिकारी येऊन पाहून गेला. झाड नळीवरच उभे होते. परवाना मिळाला.

आजीने भांडण केले नाही. तिने नातवाला बोलावले आणि म्हटले, "कात्री आण. शबात महिना आहे, पाने गळलेली आहेत. आत्ताच घ्यायला हवे."

तिने काय घेतले ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण गोड तुती हवी असेल तर सगळे इथेच ठरते. तुतीचे बी पेरले तर झाड उगवते, पण फळ आईसारखे गोड निघेल याचा भरवसा नाही. आठ-दहा वर्षे थांबावे लागते, आणि शेवटी ते झाड नर निघाले तर फळच नाही. तुतीत नर फुलांची आणि मादी फुलांची झाडे बहुधा वेगवेगळी असतात. या देशात रस्त्याकडेला सावलीसाठी मुद्दाम बिनफळाची तुती लावलेली दिसते. ती हीच. (पांढऱ्या तुतीचे नर फूल आपले पराग आवाजाच्या निम्म्याहून अधिक वेगाने उडवते असे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. वनस्पतींच्या जगात इतकी वेगवान हालचाल क्वचितच दिसते. खाली उभ्या माणसाला फक्त शिंका येतात.)

फांदीपासून झाड केले तर हा जुगार राहत नाही. ज्या झाडाचे फळ आपण स्वतः खाल्ले आहे, त्याचीच फांदी लावावी. झाड तेच, गोडी तीच, आणि फळही दोन-तीन वर्षांत धरते. मादी झाडांपैकी पुष्कळांना फळ धरायला जवळ नर झाडही लागत नाही.

तुतीच्या जाती अनेक, पण घरच्या बागेला तीन ओळखता आल्या तरी पुरे. पांढरी तुती सर्वांत सोपी. नाव पांढरी असले तरी तिचे फळ पांढरे, गुलाबी किंवा काळेही असते, म्हणून रंगावरून जात ठरवू नये. तिची चव गोड, कधी कधी नुसतीच गोड, आंबटपणा जवळजवळ नाही. काळी तुती वेगळी. पाने जाड व खरखरीत, वाढ सावकाश, फळ आंबटगोड आणि रसाने भरलेले. जाणकार हिलाच सर्वांत चवदार मानतात, पण तिची फांदी सहज मूळ धरत नाही, म्हणून तिचे कलमी रोप विकत घेणे शहाणपणाचे. तिसरी बोटाएवढ्या लांब फळांची, जिला बाजारात "पाकिस्तानी" म्हणतात. ती अतिशय गोड आणि डागही कमी पाडते. लहान मुलांच्या घरी हीच लावावी.

आजीची तुती फांदीपासून सहज होणारी होती. तिने गेल्या वर्षी वाढलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या निवडल्या. अगदी कोवळे शेंडे टाकून दिले. वीतभरापेक्षा थोडे लांब, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटरचे तुकडे केले, प्रत्येकावर तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि सरळ, वरचा काप डोळ्याच्या जरा वर आणि तिरका. तिरका अशासाठी की पाणी साचत नाही, आणि वर-खाली कोणते ते विसरायला होत नाही. उलटी खोचलेली फांदी बहुधा वाळून जाते. नातवाने एक उलटी खोचलीच होती, आजीने काढून सरळ केली.

हे तुकडे तिच्या लेकीच्या अंगणात लावायचे ठरले. तिथे जमीन आहे आणि ऊन दिवसभर. जागा निवडताना आजीने जुन्या झाडाची चूक लक्षात ठेवली. घराच्या भिंतीपासून आणि सांडपाण्याच्या नळीपासून पाच-सहा मीटर दूर, वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब, गाडीच्या जागेपासून लांब. तुती लावणाऱ्या लोकांच्या बहुतेक तक्रारी झाडाच्या नसतात, जागेच्या असतात.

माती भुसभुशीत करून, थोडे कुजलेले खत मिसळून, तीन तुकडे हातभर अंतरावर खोचले. दोन-तृतीयांश मातीत, एक-तृतीयांश वर. पाणी घालून माती दाबली. काही आठवड्यांत डोळे फुटतात आणि हिरवी पाने येतात. इथे पुष्कळ जण फसतात. ती पाने फांदीतल्या शिदोरीवर आलेली असतात, खाली मूळ अजून नसते. मूळ धरले का पाहायला कोणी फांदी ओढली, तर सगळे बिघडले. दोन-तीन महिने हात लावू नये, माती ओलसर ठेवावी, चिखल करू नये. पुढे तिघांपैकी जोमदार एक ठेवून बाकीचे काढावेत.

तुकडे आधी कुंडीत का लावले नाहीत, असे लेकीने विचारले. कुंडीत लावता येतात, पण आजीचे कारण शेतीचे नव्हते, ओरलाचे होते.

वायिक्रा १९:२३ ते २५ मध्ये सांगितले आहे की देशात येऊन फळझाड लावाल तेव्हा पहिली तीन वर्षे त्याचे फळ वर्ज्य. चौथ्या वर्षीचे फळ पवित्र. पाचव्या वर्षी खावे. पहिल्या तीन वर्षांच्या फळाला "ओरला" म्हणतात, चौथ्याच्या फळाला "नेता रेवाई". फांदीपासून लावलेले झाडही नवे झाडच, आईचे वय त्याला मिळत नाही. रोप कुंडीतून जमिनीत हलवले की वर्षे कधीपासून मोजायची हा प्रश्न उभा राहतो, कुंडीला भोक होते का, मुळांभोवतीची माती टिकली का, असे सगळे पाहावे लागते. थेट जागेवर लावले की हिशेब साधा.

हा हिशेब वाढदिवसासारखा नसतो. आव महिन्याच्या मध्याआधी झाड लावले, तर रोश हशानापर्यंतचे उरलेले महिने एक पूर्ण वर्ष धरतात. आजीने फांद्या लावल्या ५७८४ च्या शबातमध्ये, म्हणजे २०२४ च्या हिवाळ्यात. ५७८४ हे पहिले वर्ष, ५७८५ दुसरे, ५७८६ तिसरे. पण तीन वर्षे पुरी झाली तरी ओरला लगेच सुटत नाही, पुढच्या तू बिश्वातपर्यंत थांबावे लागते. म्हणजे १५ शबात ५७८७, जानेवारी २०२७. त्यानंतर धरलेले फळ रेवाईचे. त्याचे पावित्र्य नाण्यावर उतरवून मग ते खातात. ही रीत रब्बींना विचारून करावी. घरच्या झाडाच्या तेरूमा व मासेरचेही त्यांनाच विचारून घ्यावे. जुन्या फळझाडावर कलम बांधले तर हिशेब आणखी वेगळा होतो. आणि श्मिता वर्षात झाड लावता येत नाही. पुढची श्मिता ५७८९, म्हणजे सप्टेंबर २०२८ पासून.

नातवाने बोटांवर मोजले.

"म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्यात खायचे? तोवर मी सैन्यात असेन!"

"मग सुटीवर येशील तेव्हा खा."

"आणि तू, आजी? तू तेव्हा एक्याऐंशीची असशील."

"जुनी तुती कोणी लावली होती, ठाऊक आहे का तुला? मलाही नाही. पाणी घाल."

तुती घाईची आहे, दुसऱ्या वर्षीच फळ दाखवते. ओरलाच्या वर्षांत ते खायचे नाही आणि कोणाला द्यायचेही नाही. हिरवे असतानाच खुडून टाकले, तर मोह राहत नाही आणि झाडाची ताकद मुळांना व फांद्यांना जाते. फळबाग करणारा माणूसही लहान झाडाचे पहिले फळ असेच काढून टाकतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. नेगेवमध्ये उन्हाळाभर पाऊस नाही, म्हणून पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून दोनदा तरी भरपूर पाणी. नंतर दहा-पंधरा दिवसांनी एकदा, पण खोलवर. ठिबकची नळी असली तर उत्तम. (ठिबक सिंचनाची पहिली मोठी कंपनी १९६५ मध्ये बेएर शेवाजवळच्या हात्सेरीम किबुत्झात सुरू झाली. महाराष्ट्रात ठिबक म्हटले की जळगावचे नाव निघते. दोन्ही कोरड्या मुलुखांना एकच युक्ती उपयोगी पडली.) फळ पिकत असताना पाणी तुटले तर कच्चे फळ गळते. खत फार घालू नये. फार खताने पाने माजतात आणि फळ मागे पडते.

छाटणी मात्र लक्ष देऊन करावी. ती हिवाळ्यात, पाने गळलेली असताना. उशिरा कापले तर कापातून पांढरा चीक वाहत राहतो. मनगटाएवढी फांदी कापली तर जखम भरत नाही, आत कूज शिरते. म्हणून पहिल्या वर्षांपासून दरवर्षी थोडे थोडे छाटून झाड हाताच्या उंचीत ठेवावे. गेल्या वर्षीच्या फांद्यांवरून जे नवे धुमारे फुटतात त्यांच्यावर फळ येते. सगळ्याच फांद्या भादरल्या तर त्या वर्षीचे बरेचसे फळ हातचे गेले.

फळ लागले की पाहुणे येतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इस्राएलमध्ये साळुंकी फार झाली आहे. इथे ती उपरी, त्रासदायक पाखरू मानतात. हिरवे पोपटही तसेच. दोघेही आपल्याच देशाकडचे. वडीलधाऱ्यांना पहाटे साळुंकीचा आवाज ऐकून बरे वाटते, पण तुती पिकल्यावर तीच साळुंकी टोपलीभर फळ फस्त करते. रात्री वटवाघळे येतात. झाड लहान असेल तर जाळी टाकावी, भोके बारीक असावीत, म्हणजे पाखरे अडकून मरत नाहीत. मोठ्या झाडाच्या शेंड्यावरचे फळ त्यांचे समजावे.

तुतीचे फळ तोडल्यावर पिकत नाही. लाल दिसले म्हणून तोडले तर आंबट-तुरट लागते, आणि कच्च्या फळातला चीक पोटाला बाधतो. काळी फळे देणारी तुती पुरी काळी होऊ द्यावी. बोट लागताच हातात आली, तर पिकली. उत्तम उपाय म्हणजे झाडाखाली जुनी चादर अंथरून फांदी हलकेच हलवणे. सगळे फळ एकदम पिकत नाही, तीन-चार आठवडे रोज थोडे थोडे मिळते. ते दुकानात फारसे का दिसत नाही, याचे उत्तर यातच आहे. दोन दिवसांत मऊ पडून रस सोडते. गोड तुती खायची तर झाड ओळखीचे हवे.

हाताला व कपड्याला डाग पडला तर कच्ची तुती चोळावी, अशी जुनी युक्ती सांगतात. डागाचा एक जुना दाखला हन्नुक्काच्या काळातलाही आहे. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात, बेत झखार्याच्या लढाईआधी ग्रीक राजाच्या सैनिकांनी हत्तींना द्राक्षांचा आणि तुतीचा रस दाखवला, असे लिहिले आहे. हत्ती लढाईला चवताळावेत म्हणून. याच लढाईत एलाझार हत्तीखाली सापडून मेला.

एक तुती म्हणजे अनेक बारीक फळांचा घोस, प्रत्येक दाणा वेगळ्या फुलाचा. त्या फटींत बारीक कीटक बसतात आणि नुसते धुऊन निघत नाहीत. ज्या घरी किड्यांचा नियम काटेकोर पाळतात, त्यांनी ताज्या फळाविषयी रब्बींना विचारावे. पुष्कळ घरी रस काढून तो दाट विणीच्या पातळ कापडातून गाळतात. शब्बाथच्या किद्दूशसाठी काळ्या मनुकांचे सरबत गाळायचे कापड आपल्या घरांत असतेच, तसलेच चालते. एक किलो रसाला अर्धा किलो साखर आणि दोन लिंबांचा रस घालून उकळावे. लिंबू विसरू नये, गोड तुतीत आंबटपणा नसल्याने नुसते साखरपाणी लागते. हे सरबत किद्दूशला मात्र चालत नाही, त्याला द्राक्षच हवे.

तू बिश्वातला, एलियाहू हन्नाबीच्या उरुसाच्या दिवशी, मलिद्याच्या ताटात फळे मांडतात तेव्हा तुतीचे झाड उघडे-बोडके असते. पण बाजारात सुकवलेली पांढरी तुती मिळते, फिकट बेदाण्यासारखी. ती ताटात ठेवता येते, आणि तिच्यावरही झाडाच्या फळाचीच बेराखा म्हणतात.

पानांचे ग्राहक वेगळे. वसंतात बालवाडीतली मुले खोक्यात रेशमाचे किडे पाळतात आणि साऱ्या गल्लीत तुतीचे झाड शोधत फिरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोश पिनामध्ये बॅरन रोथशिल्डच्या पैशाने रेशमासाठी तुती लावल्या होत्या. तो धंदा टिकला नाही, मुलांची खोकी टिकली. लेकीच्या शेजारची मुलगी दुसऱ्याच वर्षी दार वाजवून पाने मागायला आली. पानांना ओरला नाही, हे नातवाने तिला पोक्तपणे सांगितले आणि पिशवीभर पाने तोडून दिली. झाडावर औषध फवारलेले नव्हते, हेही सांगायला तो विसरला नाही. फवारलेले पान किड्यांना मारते.

शब्दार्थ

डोळा : फांदीवरची कळी, जिथून नवी पाने फुटतात.
धुमारा : नवा कोवळा फुटवा.
चीक : झाडाचा पांढरा, चिकट रस.
वीत : अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर.
शिदोरी : प्रवासासाठी बरोबर घेतलेले खाणे. इथे, फांदीत साठलेले अन्न.
पोक्तपणे : मोठ्या माणसासारखे.

घरी करून पाहा

१. आजी-आजोबांना विचारा : लहानपणी कोणते फळ खाऊन जीभ रंगायची? त्या फळाचे मराठी नाव लिहून आणा.
२. एका घरी ५७८५ च्या शबातमध्ये तुती लावली. तिचा ओरला कोणत्या तू बिश्वातला सुटेल? आणि पाचव्या वर्षाचे फळ कोणत्या वर्षात येते? ते वर्ष कोणते विशेष वर्ष आहे, हेही लिहा.
३. "तूत", "तूत सादे" आणि "तूत एत्स" यांतील फरक आजीला मराठीत समजावून सांगा. ती हसली तर का हसली, तेही विचारा.